तिसरीच्या हजेरीतले पाच महिने

यांना जाऊन दहा महिने झाले होते. यांचा चष्मा अजून टेबलावरच होता, पुस्तकांच्या कपाटाला मी हात लावला नव्हता, आणि दार वाजलं की आधी हे उठतील म्हणून मी क्षणभर थांबत असे. त्या सकाळीही थांबले. मग स्वतः उठून कडी काढली.

बाहेर दोघीजणी होत्या. एक तरुण, खांद्याला पिशवी आणि हातात फाईल. दुसरीला मी ओळखलं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई.

हे आणि मी, दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. नोकरीची शेवटची बरीच वर्षं आम्ही पाथर्डी तालुक्यातल्या डोंगराकडच्या एकाच गावात काढली. चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, दोन शिक्षक. हे मुख्याध्यापक, मी सहशिक्षिका. निवृत्त झाल्यावर तिसगावात हे छोटं घर बांधलं. गावातली माणसं बाजाराला आली की सरांना भेटून जात. सर गेल्यावर त्यांचं येणं कमी झालं होतं.

"मॅडम, मी नगरहून आले. परिविक्षा अधिकारी आहे," तरुण मुलगी म्हणाली. माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिनं ते सोपं करून सांगितलं. अठराच्या आतल्या मुलाच्या हातून गुन्हा घडला की तो कसल्या घरात वाढला, लहानपणी त्याच्या वाट्याला काय आलं, हे शोधून ती बाल न्याय मंडळाला अहवाल देते. मुलाला घरी सोडायचं की विशेष गृहात ठेवायचं, हे ठरवताना मंडळ तो अहवाल वाचतं.

कोणाचा मुलगा, हे मला विचारावं लागलं नाही. आईनं पदर तोंडाशी नेला होता.

तो आता सोळा वर्षांचा. नववीत शाळा सोडून घोडेगावला पेंडीच्या दुकानात कामाला लागलेला. बाजाराचा दिवस होता, जनावरांची गर्दी होती. दुकानासमोर एक ट्रॅक्टरवाला मोठ्यानं गाणी लावून ट्रॉली मागे घेत होता. ह्यानं त्याला ओढून खाली पाडलं आणि हाताला लागलेल्या लोखंडी गजानं मारलं. चार माणसांनी धरलं तेव्हा थांबला. ट्रॅक्टरवाला बावीस वर्षांचा पोरगा, त्याचा ह्याच्याशी काही वाद नव्हता, ओळखही नव्हती. त्याचा हात दोन ठिकाणी मोडला. अजून मूठ वळत नाही, असं ती अधिकारी मुलगी म्हणाली. मी ते मुद्दाम इथे लिहिते आहे, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात त्या पोराचा हात विसरला जाण्याचा धोका आहे.

"आई सांगते की हा तिसरीत असताना ऊसतोडीच्या फडात ह्याच्यासमोर ह्याची धाकटी बहीण ट्रॉलीखाली गेली," ती म्हणाली. "तसं असेल तर सगळ्याचाच अर्थ बदलतो. पण मुलाला विचारलं तर तो म्हणतो, मला बहीण नव्हती. मुलगी जन्मली फडातच, तिची जन्माची नोंद नाही, गेल्याची नाही. मग मी तुमच्या शाळेत गेले." तिनं फाईलमधून तिसरीच्या हजेरीपत्रकाच्या झेरॉक्स काढल्या. "ह्यात त्या वर्षी नोव्हेंबर ते मार्च मुलगा रोज शाळेत हजर आहे."

"बाई, तुमीच सांगा हिला," आई एकदम म्हणाली. "त्यो तवा शाळंत हुता का? माझ्या डोळ्यादेखत माझी पोरगी गेली, आन् ही म्हनती कागदावर तसं न्हाई. कागुद काय आमच्यासंगं मोळ्या बांधाया आला हुता व्हय?"

"मी खोटं नाही म्हणत तुम्हाला, ताई. मला सिद्ध करावं लागतं."

"आमाला काय बी सिद्ध करता येत न्हाई. म्हनून तर फडात जातो."

झेरॉक्सवर माझं अक्षर होतं. सकाळची एक तिरकी रेघ, दुपारची उलटी दुसरी, चौकटीमागून चौकट. पानाच्या तळाशी, महिन्याच्या बेरजेजवळ, यांची सही. शेवटच्या अक्षराचा फाटा हे नेहमी लांब ओढत.

मी जरा वेळ मागितला. अधिकारी मुलगी म्हणाली, "सोमवारी तारीख आहे. आणि एक सांगायला हवं. तुम्ही काही लिहून दिलंत तर शिक्षण खात्याकडून चौकशी होऊ शकते. सर नाहीत, पण सही सरांची आहे."

निघताना आई उंबऱ्याशी थांबली. "सर गेल्याचं कळलं हुतं, बाई. यायला जमलं न्हाई. आमी तवा राहात्याकडं फडात हुतो." ह्याची तिला लाज वाटत होती. मला कसली लाज वाटायला हवी, ते मी तिला बोलून दाखवू शकले नाही.

आमच्या गावातली निम्म्याहून जास्त घरं दसरा-दिवाळीनंतर कुलूपबंद होत. टेम्पोत भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं भरून माणसं राहाता, नेवासा, कोपरगावकडे कारखान्यांच्या भागात जात. कुणी मागे आजीआजोबांपाशी पोर ठेवी. ज्यांना आजीआजोबा नव्हते, किंवा ज्यांच्या घरी सांभाळायला तान्हं होतं, ती पोरं बरोबर जात. आठ वर्षांचं पोर तान्ह्याला राखू शकतं, असा हिशेब होता.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की वर्ग रिकामा दिसे. तेवढीच मुलं हजर दाखवली तर शाळेचा पट घटे. पट घटला की दोनातला एक शिक्षक अतिरिक्त ठरून कुठंतरी दूर बदलून जाणार. म्हणून आसपासच्या बहुतेक शाळा करत तेच आम्ही केलं. गेलेल्या मुलांच्या चौकटीतही रेघा मारल्या. गेलेल्या मुलांना शिक्षण हमीपत्र द्यायचं, ते दाखवून त्यांना तिकडच्या शाळेत बसवायचं, असे नियम होते. पण फडापासून शाळा कोसावर, आणि हमीपत्र दिलं की मूल गेल्याचं कबूल केल्यासारखं.

पहिल्या वर्षी माझा हात अडखळला होता. हे म्हणाले, "अगं, परत येणारच आहेत ती एप्रिलात. त्यांची जागा धरून ठेवतोय आपण."

"आणि आपली?"

"आपली पण. तुला अकोले तालुक्यात एकटीला पाठवू का? स्वयंपाक कोण करणार, मी? मग सहा महिन्यांत दोघांच्याही जागा रिकाम्या होतील."

मी हसले आणि रेघा मारल्या. पुढे सवय झाली. मुलांचं वर्ष वाया जात नाही, असं मी स्वतःला सांगत असे, आणि ते खरंही होतं.

त्या दोघी गेल्यावर मला त्या वर्षीचा एप्रिल आठवायला लागला. आठवणी सरळ आल्या नाहीत, तुकड्यांनी आल्या.

तिसरीतला तो मुलगा परतला तेव्हा खूप वाळला होता. आधी पुढे बसायचा, आता दारापाशी बसायला लागला. मी पुढे बोलावलं तर येई आणि थोड्या वेळानं पुन्हा दारापाशी सरके. धडा वाचायला उभा केला की मध्येच थांबून बाहेर बघे. एकदा एका मुलानं सायकलचं जुनं चाक काठीनं पळवत आणलं, तर ह्यानं त्याला खाली पाडून गालावर चावा घेतला. त्या उन्हाळ्यात गावाला टँकरनं पाणी येई. टँकर शाळेच्या आवारातूनच मागे घेऊन विहिरीला लावत. एका दुपारी टँकर मागे येताना हा जागच्या जागी उभा राहिला आणि त्याची चड्डी ओली झाली. पोरं हसली. मी पोरांना दटावलं, आणि त्यालाही. "तिसरीत गेलास ना? सांगता येत नाही का?"

चावा घेतला त्या दिवशी मी त्याला शिक्षा म्हणून वर्गाबाहेर उभं केलं होतं. टँकर येत असे त्याच अंगाला.

फडावर काय झालं, हे मी त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो फडावर होता असं झालं असतं. माझ्या हजेरीपत्रकात तो माझ्यासमोर बसलेला होता. माझ्या हाताखालून गेलेल्या इतक्या मुलांमध्ये एखादं असं बिथरतं, असं मी यांना म्हटलं. हे म्हणाले, "फडातून आली की सगळीच जरा रानटी होतात. जूनपर्यंत ठीक होईल." जूनमध्ये तो शांत झाला. आम्ही त्याला ठीक होणं समजलो.

सोमवारपर्यंतच्या चार दिवसांत मी दोनदा लिहायला बसले आणि दोनदा कागद फाडला. यांचं नाव न घेता लिहिता येईल का, हे बघत होते. माझंच अक्षर, मीच रेघा मारल्या, असं लिहिलं तरी खाली सही कुणाची, हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर द्यायला हे राहिले नव्हते. जिवंत माणसाच्या बाबतीत आपण भांडून, समजावून काही करतो. गेलेल्या माणसाचं नाव तेवढं आपल्या हातात असतं, आणि मी ते कागदावर खाली आणायला निघाले होते.

दुसरीकडे मला माझेच गेले दहा महिने दिसत होते. हे गेले तेव्हा तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. मी रडले नाही तर बायका म्हणाल्या, रड बाई, मोकळी हो. जेवले नाही तर भाचीनं घास भरवला. झोप येईना तेव्हा तिनं नगरला डॉक्टरांकडे नेलं. दुपारी कुकरची शिट्टी झाली की मला धस्स होई, कारण यांना छातीत कळ आली तेव्हा कुकर चालू होता. भाचीनं कुकर माळ्यावर ठेवून पातेल्यात भात लावायला सुरुवात केली, कुणी मला वेडी म्हटलं नाही. साठी ओलांडलेल्या, जन्मभर वाचत आलेल्या बाईला एवढं सगळं लागलं.

आणि त्या मुलाला, त्याच्या आईनं त्या सकाळी सांगितलं त्याप्रमाणे, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फडात वाढ्याच्या, उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधायला बसवलं होतं. बहिणीला बांधाच्या कडेला पुरली. मुकादम म्हणाला, हंगाम थांबत नाही. बापानं त्याला बडवलं, "तू काय करत हुतास" म्हणून. त्यानंतर घरात तिचा विषय कुणी काढला नाही. त्याच्यासाठी माळ्यावर ठेवून देता येईल असा एखादा कुकर नव्हता. सगळीकडे ट्रॅक्टरच होते.

रविवारी संध्याकाळी मी एका पानावर लिहिलं. अमुक वर्षी, अमुक महिन्यांत हा मुलगा शाळेत नव्हता, पालकांबरोबर ऊसतोडीला गेला होता, हजेरी मी खोटी मांडली आणि मुख्याध्यापकांना ते माहीत होतं. शेवटचं वाक्य लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

मंडळाचं काम कोर्टासारखं नसतं, हे मला सोमवारी नगरला गेल्यावर कळलं. साधी खोली, लांब टेबल, काळा कोट कुणी घातलेला नाही. बाहेर व्हरांड्यात बाकावर तो आईशेजारी बसला होता. उंच झाला होता, मिसरूड फुटलं होतं. मला पाहून उभा राहिला.

"बाई, तुमी कशाला आल्या?"

"तुझ्या हजेरीचं सांगायला. तिसरीत तू फडात होतास तेव्हा मी तुला शाळेत हजर मांडलं होतं."

तो हसला. लहानपणी हसायचा तसाच, एका बाजूनं. "तरीच! मला काय येत नसताना चौथीत कसा ढकलला म्हनून मी इचार करायचो." मग म्हणाला, "समदे दिवस?"

"सगळे."

"म्हंजी कागदावर मी शाळंतच हुतो."

"हो."

तो पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मंग ऱ्हाऊ द्या ना, बाई, तसंच."

माझी ती खोटी पानं त्याला हवी होती. त्या पानांवर तो फडात नव्हता, ट्रॉली नव्हती, बहीण नव्हती. मी पिशवीतला कागद पुन्हा एकदा चाचपला आणि तेवढ्यात आम्हाला आत बोलावलं.

मी कागद दिला आणि तोंडानंही सांगितलं. आवाज फार लहान येत होता, म्हणून मॅजिस्ट्रेट बाईंनी दोनदा मोठ्यानं बोलायला सांगितलं. त्यांनी मला रागावून काही म्हटलं नाही, नुसतं लिहून घेतलं. मग आईला विचारलं, "त्या दिवशी काय झालं?"

"टॅक्टरच्या टायलीच्या सावलीला निजवली हुती पोरगी. फडात दुसरी सावली नसती, साहेब. ऊस तोडला की समदं उघडं." तिनं टेबलावर हातानं सावली दाखवली. "सकाळी सावली लांब आसती. दुपार झाली की ती टायलीखाली जाती. ह्याला मीच सांगितलं हुतं, सावली सरकंल तसं तिचं फडकं सरकव, तिला ऊन लागू देऊ नगंस. ह्यानं सरकवलं. सरकवत सरकवत चाकापातूर नेलं. मी सांगितलं तेच केलं ह्यानं."

"आये, गप," मुलगा म्हणाला.

"डायवरनं न बघता गाडी मागं घेतली, गाणी चालू हुती."

"आये, गप म्हनलं ना!" तो उभा राहिला होता. अधिकारी मुलगी उठून त्याच्याजवळ गेली, पण तिनं हात लावला नाही. तो आईकडेच बघत होता. "तुला म्हाईत हुतं? आप्पा मला मारीत हुता तवा तुला म्हाईत हुतं?"

"व्हय."

"मंग बोलली का न्हाईस?"

आईनं खाली बघितलं. "भ्या वाटलं. मला बी मारलं आसतं. आन्..." तिनं वर बघितलं. "मी सांगितलं म्हनून ती गेली, हे मला तोंडानं बोलायचं नव्हतं."

मंडळातल्या एका सदस्यानं त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला, प्यायला नाही. मग बसला आणि ग्लासाकडे बघत म्हणाला, "दीड वर्साची हुती." कुणी विचारलं नव्हतं.

दुपारनंतर मंडळानं ठरवलं. वर्षभर देखरेखीखाली घरी. पंधरा दिवसांतून एकदा नगरला येऊन समुपदेशकांना भेटायचं. ऊसतोडीला न्यायचं नाही. मॅजिस्ट्रेट बाईंनी त्याला समजेल अशा भाषेत हेही सांगितलं की जे केलंस ते चूकच होतं, आणि एका माणसाला ते भोगावं लागतंय. तो मान हलवत होता.

एसटी स्टँडवर आम्ही तिघं पाथर्डीच्या गाडीची वाट बघत उभे होतो. त्यानं मला विचारलं, "त्या घोडेगावच्या डायवरचा हात बरा हुईल का, बाई?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. त्याला बरं वाटावं म्हणून काही सांगावंसं वाटलं होतं, पण ती सवय मला मोडायची होती.

त्याची आई शेंगदाण्याची पुडी सोडत होती. "औंदा मी न्हाई जानार फडाला," ती म्हणाली. नवरा-बायकोची जोडी मिळून फडात एक कोयता धरतात. एकटा गेला तर अर्धा. "त्येचे वडील जातील. अर्धा कोयता म्हनून."

"मुकादम ठिवील का अर्धा?" मुलगा म्हणाला. "आप्पासंगं दुसऱ्या कुनाची तरी जोडी लावील."

"लावू दे की. त्यांच्या शिव्या ऐकून ती चार दिसांत पळून जाईल. मीच म्हनून ऱ्हायले."

तो हसला, आणि मग हसल्याचं लक्षात येऊन त्यानं तोंड फिरवलं. तिनं शेंगदाणे त्याच्या हातावर ओतले. गाडी लागली तेव्हा ते दोघं मागच्या बाकावर बसले, मी पुढे. मी मागे वळून पाहिलं नाही. त्यांना एकमेकांशी बोलायचं असेल, किंवा न बोलता बसायचं असेल.

महिन्याभरानं मला शिक्षण खात्याचं पत्र आलं. अपेक्षितच होतं. हजेरीपत्रकातल्या चुकीच्या नोंदींबाबत खुलासा करावा, आणि तसं करण्याचं कारण नमूद करावं. भाची म्हणाली, "मावशी, काकांवर काही येऊ देऊ नकोस. गेलेल्या माणसाचं कशाला?" ती प्रेमानंच म्हणाली.

मी यांच्या टेबलाशी बसले. कारण म्हणून आधी लिहिलं, मुलांचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून. त्याखाली लिहिलं, शाळेचा पट टिकावा म्हणून. दोन्ही खरं होतं, आणि पत्राला तेवढं पुरलं असतं. मग तिसरं लिहिलं, आम्हा पती-पत्नींना एकाच गावी राहता यावं म्हणून. ती वर्षं मला मिळाली, चांगली गेली, आणि त्यांतल्या पाच महिन्यांत एक मूल माझ्यासमोर बसलेलं नव्हतं, हेही सरकारी भाषेत जेवढं बसेल तेवढं लिहिलं, आणि खाली सही केली.